वस्तरा घेऊन कोकण किनारा उतरलो, तुम्ही नेऊ नका

मला ज्याने सांगितलं की वस्तऱ्याला नारळाचं तेल चोपड आणि बिनधास्त ने, काही होत नाही, तो माणूस पुण्यात राहतो आणि पुण्यातच दाढी करतो. हे निघायच्या आधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी मांडव्याला लाँचमधून उतरलो, तिथून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत २६ दिवस, थोडं चालत थोडं एसटीने, खाड्या फेरीबोटीने, आणि पाठीवरच्या साडेनऊ किलोत ७८० ग्रॅम नुसतं दाढीचं सामान. वस्तरा (ब्लेडचा नाही, जुना अखंड पात्याचा), त्याची धार साफ करायचा चामड्याचा पट्टा, धारेचा दगड, ब्रश, साबणाची डबी, तुरटीचा खडा. जुन्या न्हाव्याची अख्खी धोकटीच म्हणा ना. बूट कुठले, रोज किती चालायचं वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. वस्तरा मी घरी चार वर्षं वापरतोय, हात बसलेला आहे, तेव्हा "शिकला नसशील नीट" हे कृपया कुणी सांगू नका.

सहाव्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरला वस्तरा उघडला तर धारेच्या मागे मोहरीएवढे चार तपकिरी ठिपके. आदल्या दिवशी मी तो धुऊन, पुसून, तेल लावून, वर झिपवाल्या पिशवीत घालून ठेवला होता, म्हणजे पुस्तकात लिहिल्यासारखं सगळं. चूक तिथेच होती. समुद्रकाठी हवेतच मीठ असतं, ते पात्यावर बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं, त्यात पिशवी बंद केली की ओल आतच कोंडते. कार्बन स्टील तसंही गंजायला टपलेलंच असतं. नारळाचं तेल पातळ, बोट लागलं की पुसलं जातं, आणि पुढे दापोलीला पहाटे थंडी पडल्यावर बाटलीत थिजून बसलं ते वेगळंच, काडीने कोरून काढत होतो. श्रीवर्धनला दुकानात व्हॅसलीन घेता आलं असतं, तिथे मी आंबोळ्या खात होतो. पट्ट्याला तोपर्यंत बुरशीचा पांढरा थर आलेला. दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन हे दिवस छान गेले, त्याबद्दल लिहायला काही नाही.

खरी वाट लागली ती दाभोळहून धोपाव्याला उतरल्यावर. गुहागर ते तवसाळ या पट्ट्यात टाचेला फोड आल्यामुळे एका खाडीकाठच्या गावात तीन रात्री काढल्या (गावाचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती). खोलीतल्या नळाला विहिरीचं पाणी. तोंडात घेतलं तर मचूळ. मी म्हटलं, पिणार थोडंच आहोत, दाढीच करायचीय. ब्रश भिजवला, साबणावर फिरवला, घरी यात दाट साय येते तशी इथे येईना, वर बुडबुडे आणि खाली पांढरट चिकट गाळ. गालावर लावला तर मी आरशात बघेपर्यंत फेस बसला, नुसती राखेसारखी पुटं राहिली. क्षारांच्या पाण्यात साबण फुटतो, हे शाळेत शिकलोय आपण सगळे, पण ते असं गालावर कळतं. पहिल्या दिवशी मी हट्टाने तसाच वस्तरा फिरवला आणि जबड्याखाली बोटभर लांब कापून घेतलं. वर तेच मचूळ पाणी मारलं, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी साबण दुप्पट घेतला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या वहिनींनी गळ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, हे पाणी वापरलंत की काय? हे भांड्यांना. प्यायचं आम्ही वरच्या विहिरीवरनं आणतो." एक तांब्या दिला, चुलीवर कोमट करून. त्यात पहिल्याच फेऱ्यात फेस उभा राहिला. एक तांब्या, बस. दोन दिवस मी लाजेपायी मागितला नव्हता. त्यामुळे पहिला सल्ला हाच, कुठेही उतरलात की आधी पाणी चाखा, मचूळ लागलं तर प्यायच्या पाण्यातला तांब्याभर मागून घ्या, जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या, विहिरींचं पाणी साबणाला एकदम मऊ असतं आणि कोणी नाही म्हणत नाही. आणि वस्तऱ्याचं शेवटचं धुणं पण त्याच पाण्याने.

आता जे झालं ते लिहिताना अजून डोकं फिरतं. गंजाच्या ठिपक्यांमुळे धार खरखरायला लागली होती, माझा लहान दगड पुरेना. रत्नागिरीच्या पुढे एका बाजाराच्या गावात धार लावणारा बसलेला, सुऱ्या, कोयते, आडकित्ते, सगळं. विचारलं वस्तरा जमेल का, म्हणाला रोज करतो, २५० होतील. कोयत्याचे तो ४० घेत होता, माझ्या समोर घेतले. तरी मी दिला, कारण मी दमलेलो आणि मूर्ख होतो. मला वाटलं दगडावर घासेल, त्याने चाक सुरू केलं आणि मी "ओ ओ" म्हणेपर्यंत ठिणग्या उडाल्या. वस्तऱ्याचं पातं मधे खोलगट असतं, दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून घासायचं असतं, पाठच त्याचा कोन ठरवते. चाकावर यातलं काही उरत नाही. पात्याच्या टोकाला नखाएवढा भाग निळा पडला. निळा पडला म्हणजे पोलाद इतकं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, तिथे आता कितीही घासा, धार टिकणार नाही. पैसे दिले वर. भांडायची ताकद नव्हती.

पुढचे पाच दिवस सलून, किंवा दाढी तशीच वाढलेली. सोमवारी बहुतेक सलून बंद, हे लक्षात ठेवा.

आचऱ्याच्या अलीकडे एका दुकानात, दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, बाहेर पोफळी, म्हातारबाबांना वस्तरा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं उजेडात धरून फिरवलं. "ह्यो आता कोण वापरता रे? माझ्या बापाशीकडे असोच होतो. माझो झील म्हणता ब्लेडचोच बरो." (झील म्हणजे मुलगा.) मग निळ्या भागावर नख टेकवून म्हणाले, "ह्यो गेलो. मागच्यान कर." एक काळपट दगड काढला, पाण्याचा शिंतोडा मारला, आणि वीस मिनिटं न बोलता. पट्टा नाहीच. शेवटी तळहात सपाट ताणून त्यावर वस्तरा मागे-पुढे, पाठ कायम टेकलेली, वळवताना पाठीवरूनच वळवायचा, चट चट चट. मग दाढी. इतकी गुळगुळीत दाढी माझी आजवर झालेली नाही, मी रस्त्यावर आल्यावर दहा वेळा गाल चोळला. ४० रुपये घेतले, दाढीचे. दगडाचे वेगळे द्यायला गेलो तर हात झटकला.

त्यामुळे पट्टा नेऊच नका. १९० ग्रॅम आणि वर बुरशी. तळहाताची सवय घरी करा, सुरुवातीला अगदी सावकाश, नाहीतर वर्तमानपत्राची घडी सपाट जागी ठेवून चालते, मालवण-तारकर्लीला मी तेच केलं. दगड पण नको, महिन्याभरासाठी घरून धार नीट करून निघालात तर रोज तळहातावर पुरतं. वस्तरा न्यायचाच असेल तर स्टेनलेसचा, तोही गंजतो पण उशिरा. रोज कोरडा पुसा, मुठीच्या खिळ्याजवळ पाणी अडकतं तिथे कापडाची वात घालून काढा, व्हॅसलीनचा पातळ हात द्या आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा, बंद प्लास्टिकमध्ये नाही, चामड्याच्या म्यानात तर मुळीच नाही.

पण खरं विचाराल तर अर्ध्या ब्लेडचा वस्तरा न्या, सलूनमध्ये असतो तोच. ब्लेड कागदातच मोडून अर्ध करायचं, ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, गंजलं तर दुसरं. ब्लेडची पुडी धरून पन्नास ग्रॅमच्या आत काम. जरा कडक लागतं, हात अगदी हलका ठेवायला लागतो, ते दोन दिवसांत जमतं. वापरलेली अर्धुकं छोट्या पत्र्याच्या डबीत साठवा, उकिरड्यावर टाकू नका, गुरं तोंड घालतात.

आणि परत येताना गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान घेणार असाल तर वस्तरा आणि ब्लेड दोन्ही केबिनमध्ये चालत नाहीत, सामान चेक-इन करावं लागतं. मी स्वस्तातलं नुसत्या हँडबॅगेचं तिकीट काढलं होतं. काउंटरवर बॅगेचे जे पैसे भरले त्यात आचऱ्याच्या बाबांकडे वर्षभर दाढी झाली असती.