फ्रँकलिनची वंशवेल: थॉमसकाका आणि जास्तीचे अकरा दिवस

बेंजामिन फ्रँकलिनच्या वंशावळीत या महिन्यात एकच माणूस पक्का झाला, त्याचे थॉमसकाका. पण त्यांच्या एका तारखेने माझा सगळा तक्ता पुन्हा तपासायला लावला.

फ्रँकलिन बॉस्टनमध्ये जन्मला, घराणं मात्र इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या एक्टन गावचं. तीसेक एकर स्वतःची जमीन आणि लोहारकी, ऐरण थोरल्या मुलाकडे जायची. १७५८ मध्ये फ्रँकलिन आपल्या मुलाला, विल्यमला, घेऊन तिथे गेला. चर्चची नोंदवही १५५५ पासूनची निघाली. थडग्यांवरचं शेवाळ घासून काढलं सोबतच्या पीटर या गुलामाने, मग विल्यमने अक्षरं उतरवून घेतली. पीटरचं नाव मी टिपणात आवर्जून ठेवलंय. त्याच्या हातांशिवाय ते दगड वाचताच आले नसते. वेलिंगबरोला मेरी फिशर भेटली, थॉमसकाकांची एकुलती एक मुलगी, म्हणजे फ्रँकलिनची चुलत बहीण.

आता अडचण. फ्रँकलिन आत्मचरित्रात लिहितो की काका ६ जानेवारी १७०२ ला, जुन्या (ज्युलियन) कालगणनेप्रमाणे, वारले आणि नेमका चार वर्षांनी त्याच दिवशी तो जन्मला. गावातल्या म्हाताऱ्यांकडून काकांचा स्वभाव ऐकून विल्यम म्हणाला होता की ते फ्रँकलिनच्या जन्माच्याच दिवशी वारले असते तर पुनर्जन्मच वाटला असता! माझ्या तक्त्यात मात्र चार वर्षं आणि वर अकरा दिवस येत होते. चूक माझीच. जन्माची तारीख मी नव्या (ग्रेगोरियन) कालगणनेत, १७ जानेवारी १७०६, टाकली होती आणि काकांची जुनीच ठेवली होती.

ब्रिटिश वसाहतींतल्या माणसांवर काम करताना ही खाच कायम लागते. १७५२ पर्यंत तिथे जुनी कालगणनाच चालायची आणि अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फ्रँकलिनचा जन्म जुन्या नोंदींत १७०५/०६ असा दुहेरी दिसतो. फेब्रुवारी १७०० पर्यंत दोन कालगणनांमध्ये दहा दिवसांचा फरक होता, नंतर अकरा. आता मी मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात ठेवतो आणि बदललेली शेजारी. दोन्ही रकाने ठेवल्यापासून वजाबाकी बरोबर येतेय.

पाच पिढ्या धाकट्याचा धाकटा मुलगा, हा फ्रँकलिनचा स्वतःबद्दलचा दावा अजून पेन्सिलीतच आहे. प्रत्येक पिढीतली सगळी भावंडं मांडल्याशिवाय शाई नाही. वडील जोसाया यांची दोन लग्नांची सतरा मुलं मात्र जुळली: पहिलीची सात (तीन इंग्लंडात, चार बॉस्टनला), दुसरीची दहा.

पुढचं काम आजोळचं. आई अबाया ही नँटकेट बेटावरच्या पीटर फोल्जरची मुलगी. तिची आई मेरी मॉरिल करारबद्ध मोलकरीण होती आणि पीटरने वीस पौंड भरून तिला सोडवलं, असं सांगतात. सुरुवात मेरीपासूनच करणार आहे.