१/३५० एंटरप्राइझ : तपासणीची नोंद, टप्पा तिसरा (माप, सरळपणा, उजेड)

टेबलावर आहे १९६०च्या दशकातल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या मूळ एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचं, म्हणजे एनसीसी-१७०१चं, तयार रंगवलेलं १/३५० मॉडेल. तबकडी आणि खालचा दंडगोल एबीएस प्लास्टिकचा, पायलन (मागच्या दोन लांब इंजिन-नळ्यांना, म्हणजे नॅसेलना, धरणारे तिरके खांब) व मान (तबकडी आणि दंडगोल जोडणारा भाग) रेझिनची, आत एलईडी. बनवणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण हीच पद्धत कुठल्याही मॉडेलला लावता येते. पहिल्या दोन टप्प्यांत खोकं, स्टँड आणि सुट्या भागांची मोजदाद झाली. त्यात सांगण्यासारखं एवढंच की स्टँडची दांडी स्टीलची आहे आणि ती मॉडेलच्या तोलबिंदूच्या बरोबर खाली येते. दांडी जागेवर नसेल तर सगळा भार एका सांध्यावर पडतो.

आधी आकार, मग सरळपणा, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी रंग व अक्षरं, हा क्रम आम्ही मोडत नाही. रंग पुन्हा देता येतो, अक्षरं बदलता येतात. तयार मॉडेलचा चुकलेला आकार मात्र कशानेच सुधारत नाही.

माप

जहाजाची जाहीर लांबी ९४७ फूट, तबकडीचा व्यास ४१७ फूट. १/३५०ला ते अनुक्रमे ८२.५ आणि ३६.३ सेंमी होतात. या नगाची लांबी ८२.३ आणि व्यास ३६.४ भरला. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर हरकत नाही. मॉडेल अजून विकत घेतलेलं नसेल आणि हाती फक्त विक्रेत्याचा फोटो असेल, तर लांबीला व्यासाने भागा. उत्तर २.२ ते २.३च्या बाहेर गेलं तर आकारातच घोळ आहे, स्केल कुठलंही असो. फोटो मात्र वरून किंवा अगदी बाजूने, लांबून झूम करून काढलेला हवा. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो आणि चांगलं मॉडेलही बेढब दिसतं.

तबकडीची कड व्हर्नियरने आठ ठिकाणी मोजली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.३ मिमीचा फरक निघाला. वरची आणि खालची तबकडी जोडताना क्लॅम्प एका बाजूला जास्त आवळला गेला की असं होतं. डोळ्याला कळत नाही, म्हणून सोडून दिलं. हाच फरक ०.८ मिमीच्या पुढे गेला असता तर कडेवर पडणारी प्रकाशाची रेघ तुटक दिसली असती.

सरळपणा

या जहाजाचं सगळं रूप मान आणि दोन पायलन या तीन बारीक जोडांवर उभं आहे. नॅसेल खाली झुकण्याचं दुखणं १९६६च्या पहिल्या प्लास्टिक किटपासून चालत आलेलं आहे. सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

१. मॉडेल काचेच्या जाड तुकड्यावर ठेवा. काच लेव्हल बॉटलने आडवी-उभी समतल करून घ्या.

२. तबकडीच्या कडेची काचेपासूनची उंची डावीकडे आणि उजवीकडे मोजा. फरक असेल तर स्टँडखाली कागदाच्या पट्ट्या सारून तो शून्यावर आणा. यापुढची सगळी मापं तबकडीला प्रमाण मानून घ्यायची.

३. प्रत्येक नॅसेलची उंची पुढे, मध्ये आणि मागे, अशी तीन ठिकाणी मोजा. गुण्याला स्टीलची पट्टी टेकवून मोजलं की अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरवसा ठेवता येतो.

४. दोन्ही नॅसेलमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. ते सारखं हवं.

या नगात डावी नॅसेल पुढे १.६, मध्ये १.७ आणि मागे १.८ मिमी खाली निघाली. तिन्ही आकडे जवळपास सारखे आहेत, म्हणजे नॅसेल सरळच आहे, पायलन मुळाशी कललंय. पुढे शून्य आणि मागे तीन असं काही आलं असतं तर दोष नॅसेल आणि पायलन यांच्यामधल्या जोडाचा ठरला असता. पायलन बसतं त्या १० मिमी खोल खोबणीत ०.२ मिमीचा सैलपणा राहिला, तर १२ सेंमीच्या पायलनच्या टोकाला तो २.४ मिमी होतो. पायलन तिरकं असल्यामुळे उंचीतला फरक त्याहून कमी दिसतो. आमचं माप या हिशेबात नेमकं बसतं.

मग नॅसेलच्या टोकाला बोटाने अगदी हलका आधार देऊन पाहा. ती सहज वर येत असेल तर सांधा सैल आहे. दोन भागांचं इपॉक्सी आणि २ मिमी पितळी पिन यांनी तो पक्का होतो. अजिबात हलत नसेल तर पायलनलाच बाक आलाय. आमची हलते, त्यामुळे काम निभावेल. रंगवलेल्या तयार रेझिनवर गरम पाणी किंवा हेअर ड्रायर चालवू नका. बाक निघायच्या आधी रंग सुटतो. हाच इशारा ठेवण्याच्या जागेलाही लागू आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेलं रेझिनचं पायलन हळूहळू वाकतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

रेघा

तबकडीवर ०.४ मिमी रुंदीच्या कोरीव रेघा आहेत. ३५०ने गुणा, खऱ्या जहाजात १४ सेंमी रुंदीचे चर झाले! मालिकेच्या चित्रीकरणासाठी वापरलेल्या मूळ ११ फुटी मॉडेलवर या रेघा पेन्सिलने ओढलेल्या होत्या. आमच्या मते हा या नगाचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि दुर्दैवाने जाहिरातीत ‘बारीक डिटेलिंग’ म्हणून त्याचंच कौतुक असतं. जहाजाचा आराखडा करणाऱ्या मॅट जेफरीजने ते मुद्दाम गुळगुळीत काढलं. त्यावर जास्त खोदकाम केल्याने ते मूळ रूपापासून लांब जातं.

ताडून पाहायला सर्वांत भक्कम आधार म्हणजे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयातलं हेच चित्रीकरणाचं मॉडेल. १९६४मध्ये रिचर्ड डॅटिन यांच्या देखरेखीखाली बांधलेलं, मुख्यतः लाकडाचं, १९७४मध्ये संग्रहालयाला मिळालेलं. १९९१च्या डागडुजीत त्यावर पत्र्यांच्या सांध्यांसारखं गडद रंगकाम चढलं होतं. २०१६ला संपलेल्या कामात ते काढून मॉडेल ऑगस्ट १९६७च्या रूपात आणलं. तबकडीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग तेव्हा जपून ठेवला गेला. त्यामुळे संदर्भाचा फोटो कधीचा आहे ते आधी पाहा. १९९१ ते २०१४ दरम्यानच्या फोटोवरून रंग ठरवला की हमखास चुकतो.

आणखी एक गोष्ट. चित्रीकरण उजव्या बाजूने होई. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढलेल्या होत्या आणि ती बाजू अपुरीच होती. म्हणून डाव्या बाजूच्या खिडक्या ‘चुकल्या’ म्हणून गुण कापू नयेत. तिथे प्रत्येक कारागीर अंदाजाने काम करतो.

उजेड

अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं डोळे सरावू द्या, मग ५ व्होल्टवर दिवे लावा. या नगात तबकडीच्या खालच्या सांध्यात चार सेंमी लांब उजेडाची रेघ दिसते आणि मान आतून किंचित लालसर तेजाळते. रेघेचं कारण सांध्यातली फट. मानेचं कारण असं की २ मिमीची रेझिनची भिंत उजेड अडवत नाही. आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा हात द्यावा लागतो. इथे काळा दिलेलाच नाही.

नॅसेलच्या पुढच्या घुमटांत एकच लाल एलईडी मिणमिणतोय. मूळ घुमटांत फिरणारी पाती, आरशाचे तुकडे आणि लुकलुकणारे छोटे रंगीत दिवे होते, त्यामुळे तो उजेड ढवळल्यासारखा दिसायचा. नुसत्या एका एलईडीने तो परिणाम येत नाही. या मुद्द्यावर आम्ही अर्धे गुण कापले. खिडक्यांचं काम मात्र छान आहे. काही उजळलेल्या, काही नुसत्या रंगवलेल्या, मुळात होत्या तशाच.

आतापर्यंतचे गुण

आकार २० पैकी १८. सरळपणा ३० पैकी २१, पिन बसवल्यावर पुन्हा मोजणार. पृष्ठभाग २० पैकी ११. उजेड १० पैकी ५. उरलेले २० रंग आणि अक्षरांचे.

पुढच्या टप्प्यात अक्षरं दहापट भिंगाखाली पाहायची आहेत. छापलेली असतील तर कडा धारदार दिसतील. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ पट्टी) असतील तर तिरप्या उजेडात त्यांच्याखाली अडकलेली हवा चंदेरी चमकेल. रंग ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली तपासायचा. मूळ रंग किंचित हिरवट झाक असलेला फिका राखाडी आहे. पिवळ्या बल्बखाली ती झाक कळतच नाही. पितळी पिनसाठी भोक पाडायच्या आधी पायलनमधून तार कुठून गेलीय तेही उजेडासमोर धरून पाहावं लागेल.