शिखर समोर असताना मागे का फिरलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या आधीही पुष्कळांनी विचारलंय. फ्लिंडर्स रेंजेसमधला आमचा खिंडीतला फोटो बघितला की प्रश्न ठरलेला: मागे शिखर दिसतंय, मग तिथला फोटो कुठे आहे? तिथला फोटो नाही, कारण तिथे आम्ही गेलोच नाही. पाय थकले म्हणून नाही, आणि उशीर झाला म्हणूनही नाही.

शिखराचं नाव सेंट मेरी पीक, उंची 1171 मीटर. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रांगेतलं हे सगळ्यात उंच टोक. कळसूबाईच्या 1646 मीटरची सवय असलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. नाशिकहून आलेल्या माझ्या दिरांनाही वाटला होता. पण बाहेरच्या अंगाने खिंडीत चढायचं, पलीकडे उतरायचं आणि डोंगरांच्या पोटातून फिरून परत यायचं, ही वाट वीस किलोमीटरच्या आसपास भरते. सकाळी निघालेला माणूस दिवस कलताना पोचतो. वाटेत भरवशाचं पाणी नाही. आम्ही माणशी चार लिटर घेतलं होतं आणि परतताना दोघांच्या मिळून एक बाटलीभर उरलं.

ही वाट सुरू होते विल्पीनाहून. अॅडलेडहून तिथे गाडीने पाच तास लागतात. आम्ही जुलैत गेलो, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात. सकाळी साडेसातला निघालो तेव्हा सॅकचे बंद आवळायला बोटं वळत नव्हती. सुरुवातीची वाट सोपी आहे: ओढ्याकाठी रेड गमची प्रचंड झाडं, मग देशी पाइनचं विरळ रान. नंतर चढ लागतो आणि पायवाटेची सरळ कातळवाट होते. हात टेकत, गुडघा लावत, एकेक पायरी शोधत जायचं. सह्याद्रीतला काळा बसाल्ट हाताला ओळखीचा असतो. इथला क्वार्ट्झाइट तांबूस, कडक आणि खरखरीत. एका ठिकाणी दम घ्यायला थांबलो, तर हाताखालच्या दगडावर बारीक लाटा उमटलेल्या दिसल्या. ओहोटीनंतर गुहागरच्या ओल्या वाळूवर असतात तशाच. त्यांच्या खाचांत माझी बोटं नेमकी बसत होती. ही मुळात उथळ समुद्राच्या तळाची वाळू. याच थराच्या दगडांत या रांगेत साधारण 55 कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ अंगाच्या प्राण्यांचे ठसे सापडतात. त्या काळाला एडियाकारन हे नाव मिळालं, तेही इथल्याच एडियाकारा टेकड्यांवरून. दीर बराच वेळ त्या दगडावर हात ठेवून उभे होते.

खिंडीचं नाव टँडेरा सॅडल. तिथे डोकं वर काढलं आणि वाऱ्याने टोपीच उडवली. एका बाजूला टेकड्यांच्या ओळी, दुसऱ्या बाजूला विल्पीना पाउंड. साधारण 17 किलोमीटर लांब आणि 8 किलोमीटर रुंद असं हे डोंगरांचं कडं आहे आणि आत सपाट, हिरवंगार रान. बघताक्षणी लोणार आठवतं, पण इथे ना उल्का पडली, ना ज्वालामुखी फुटला. घडी पडलेले थर झिजत गेले आणि कडक दगडाची कड तेवढी उभी राहिली. गोऱ्या वसाहतवाल्यांनी याला पाउंड म्हटलं, म्हणजे गुरांचा कोंडवाडा. ज्यांची ही भूमी आहे ते अदन्यामथन्हा लोक हिला इकारा म्हणतात, म्हणजे भेटण्याची जागा. 2016 मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या नावातही इकारा आलं. एकाच जागेची ही दोन नावं मला फार काही सांगून जातात.

अदन्यामथन्हा म्हणजे डोंगरातली, दगडांमधली माणसं. त्यांच्या कथेत या डोंगरांच्या भिंती म्हणजे दोन अकुरा, महाकाय नाग. इकाराला विधीसाठी जमलेल्या लोकांना त्यांनी वेढा घातला आणि त्यांचे देह तिथेच राहिले. सेंट मेरी पीक हे त्यांतल्या एकाचं डोकं. त्यांच्या भाषेत शिखराचं नाव ङारी मुदलान्हा. हे टोक त्यांना इतकं पवित्र आहे की वर चढू नका, खिंडीतूनच फिरा, अशी त्यांनी येणाऱ्यांना विनंती केली आहे.

दिरांना हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पण खिंडीत उभं राहिल्यावर गोष्ट वेगळी होते. शिखर समोर, हात लांबवला तर लागेल असं. वरून उतरून आलेली दोन माणसं आम्हाला हसून हात करून गेली. दीर म्हणाले, “वहिनी, बंदी आहे का?”

“बंदी नाही, भाऊजी. विनंती आहे.”

“मग?”

त्या “मग”चं उत्तर मला तिथे नीट देता आलं नाही, म्हणून आज देते. रत्नागिरी जिल्ह्यात माझं आजोळ. गावाबाहेर देवराई होती. सहा-सात वर्षांची असताना आजीबरोबर लाकूडफाटा गोळा करायला गेले होते आणि देवराईच्या कडेची एक वाळकी काटकी उचलली. आजी ओरडली नाही. माझ्या हातातून काटकी घेतली, मागे गेली आणि जिथे होती तिथे, तशीच आडवी ठेवून आली. तिथे कुंपण नव्हतं, राखणदार नव्हता. चुलीला लाकूड मात्र रोज लागायचं. शिखरावर बंदी असती तर मी कदाचित वाद घातला असता. पण खिंडीतही कुणी अडवत नव्हतं, आणि हजारो वर्षं हे डोंगर सांभाळणाऱ्यांनी नुसतं सांगितलं होतं की आम्हाला दुखतं. त्यावर पाय पुढे पडेना.

उलुरूचंही मनात होतं. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचा हा प्रचंड तांबडा कातळ तिथल्या अनंगू लोकांना पवित्र आहे. त्यांनी कितीतरी वर्षं पायथ्याशी पाटी लावून चढू नका म्हणून विनवलं. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली. ती जमीन 1985 मध्ये अनंगूंना परत मिळाली, तोच हा दिवस. बंद होण्याआधीच्या दिवसांत चढणाऱ्यांची लांबच लांब रांग लागली होती. त्या रांगेचे फोटो बघून मला मनापासून वाईट वाटलं होतं. आपण त्या रांगेत नको, एवढं तेव्हाच ठरलं होतं.

दीर चढले नाहीत, पण पटलं असंही म्हणाले नाहीत. आतल्या उतारावर पाइनच्या रानातून चालताना तासभर गप्प होते. कुइंडा कॅम्पपाशी दोन एमू वाट अडवून उभे राहिले तेव्हा कुठे बोलले. पुढे हिल कुटुंबाचं दगडी घर लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांनी पाउंडच्या आत गहू पेरला होता. आत-बाहेर जायला ओढ्याच्या घळीतून मोठ्या कष्टाने रस्ता केला. 1914 च्या पुरात तो वाहून गेला आणि त्यांनी शेती सोडली. दीर स्वतः द्राक्षबागायतदार. गारपिटीत उभी बाग गेलेली त्यांनी पाहिली आहे. त्या घरापुढे ते बराच वेळ बसले. परत निघताना एवढंच म्हणाले, “या माणसाने पुन्हा रस्ता बांधायला घेतला नसेल तो दिवस कसा गेला असेल?”

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा. उन्हाळ्यात तिथलं ऊन जिवावर बेततं. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उजाडताच निघा आणि पाणी चार लिटरच्या खाली घेऊ नका. खिंडीत वारा फार असतो. मोठ्या कातळाचा आडोसा बघून बसा. आम्ही तिथेच थालीपीठ आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले, शिखराकडे तोंड करून. तुम्ही बघता तो फोटो त्याच वेळचा.