पुरानंतरचा गाळ काढताना

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या पुराबद्दल बरंच लिहून झालंय. मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळाबद्दल.

चिपळुणातल्या मुरादपूरला आमच्या तळमजल्यावर गुडघाभर गाळ साचला होता. तांबूस, बारीक, बोटांत धरला तर लोण्यासारखा, आणि त्याला डिझेलचा, कुजक्या धान्याचा वास. पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका, असं जो तो सांगत होता. काकांनी 2005 चा पूर काढलेला. ते म्हणाले, "ओला आहे तोवर उपस रे, ऊन पडलं की पहार लागेल." मग भिंतीवरची पाण्याची खूण, फ्रिज, कपाटं, मीटर, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले आणि फावडी हातात घेतली. तलाठी आले तेव्हा ते फोटोच उपयोगी पडले.

मेन स्विच आधीच बंद केला होता. मागच्या खोलीपासून सुरुवात करून घमेल्यांनी गाळ दारापर्यंत आणला. पाणी मारलं ते शेवटी, कारण विहीरही गढूळ झालेली आणि टँकरचं पाणी पुरवून वापरायचं होतं. सगळ्यात चिवट जागा म्हणजे वायरिंगचे पाइप आणि बोर्डांच्या पेट्या. बाहेरून भिंत स्वच्छ दिसते, पेटी उघडली की आत चिखल. वायरमनने सगळं उघडून पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नका, हे मी कळकळीने सांगते. पायाला जखम असेल तर गमबूट हवेतच, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा धोका असतो.

बाहेर टाकलेला गाळ बऱ्याच ठिकाणी गटारात गेला आणि पुढच्या सरीला रस्त्यावर परत आला. आम्ही तो गटारापासून लांब रचला, जेसीबी येईपर्यंत.

हा गाळ येतो सह्याद्रीच्या उतारांवरून. घाटात पाऊस कोसळतो, कापलेले डोंगर सुटतात आणि शहराजवळ नदी संथ होते. त्यात खाडीला भरती असली की पाणी तुंबतं, गाळ तळाशी बसतो, पात्र उथळ होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. मीही जाऊन बसले. उपसलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात पुन्हा पात्रात जातो. तो उचलून लांब नेईपर्यंत काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.