काल्ची कडी

सकाळी सहाला पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो तेव्हा मी जागीच असते, पण मूठ मिटत नाही. कपाचा कान धरून चहा प्यायला साडेसात उजाडतात. पावसाळ्यात आठसुद्धा.

२०१९ मध्ये मला या दुखण्याचं नाव कळलं. त्याआधी वर्षभर एका दवाखान्यात ‘कामाचा शीण आहे, झोप घ्या’ एवढंच ऐकत होते. शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गेले. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं सांगितलं. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं, आणि रात्रभर हालचाल नसल्याने सकाळी सांधे आखडतात. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीनपट जास्त होतो. त्या दिवशी मी रडले ते सुटका झाल्यासारखं वाटून. मी आळशी नव्हते.

तरीही पुढची दोन वर्षं मी सकाळशी भांडत राहिले. आमच्याकडे जेवण साडेबाराला, ताजं, गरम. म्हणजे दहाला आदोळीवर बसून नारळ खोवायचा, आणि मग जमिनीवरून उठायला भिंत धरायची. पेल्यातलं पाणी सांडलं तरी डोळे भरून यायचे. म्हार्दोळची मी, लहानपणी जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, माळा भराभर गुंफायची, आणि आता डब्याचं झाकण उघडेना. त्याचं दुःख दुखण्यापेक्षा मोठं होतं.

मग एक महिना मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एकच गोष्ट लिहिली: मूठ किती वाजता नीट मिटली. महिना संपल्यावर चौकटी पाहिल्या. दुपारी तीन ते सहा, जवळजवळ रोज. म्हणजे दिवसातले तीन तास माझे होते, आणि ते मी भांडी आवरण्यात आणि पडून राहण्यात घालवत होते, कारण स्वयंपाक सकाळीच करायचा असतो असं आपण धरून चालतो.

मी ठरवलं, उद्याचं हुमण, म्हणजे मासळीची आमटी, आज चारला. सासूबाईंना पटेना. शिळं कसं वाढायचं माणसांना? मी म्हटलं, “आई, काल्ची कडी पावाबरोबर हवी म्हणून तुम्हीच तर मागून घेता!” त्या काही बोलल्या नाहीत. पण खरंच, कोकम मुरलेलं, मंद आचेवर आटवलेलं आदल्या दिवशीचं हुमण गोव्यात कुणाला नको असतं? आता सकाळी भात तेवढा मुलगा कुकरला लावतो. आदोळी माळ्यावर गेली, ओट्याला स्क्रूने बसणारी खोवणी आली. ती उभ्याने चालते. मासळीवाली दारात बसूनच म्हणते, “बाये, हांव निवळून दितां,” म्हणजे मासळी साफ करून देते. आधी मला त्याची लाज वाटायची. आता मी तिला त्याचे वेगळे पैसे देते आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवते.

औषधाबद्दल एक सांगायलाच हवं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार रविवार, दिनदर्शिकेत लाल गोल, आणि घरातल्या सगळ्यांना तो माहीत आहे. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. सोमवारी मला मळमळतं, थकवा येतो. सोमवारी आमच्याकडे पेज आणि लोणचं. कुणी आलं तरी पेजच.

चतुर्थीला मात्र ही युक्ती चालत नाही. नैवेद्य त्याच सकाळचा लागतो. पहिल्या वर्षी मी हट्टाने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसले. काठ मुरडण्यासाठी अंगठा आणि तर्जनी लागते, नेमकी तीच दोन माझी गेलेली. बारा नेवऱ्यांनंतर हात पदराखाली लपवला. सासूबाईंनी तो बाहेर काढून मांडीवर घेतला आणि खोबरेल चोळत म्हणाल्या, “पातोळ्या कर. त्या तळहाताने होतात.” हळदीच्या पानावर पीठ तळहाताने सारवायचं, चूण, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, घालायचं, पान दुमडायचं. बोटांचं कामच नाही. त्यांना हे कसं सुचलं, मी विचारलं नाही. त्यांचीही करंगळी वाकडी आहे. तेव्हापासून नेवऱ्या नवरा आणि मुलगा करतात, काठ जाड येतात, आणि पातोळ्या माझ्या.

तुझा आजार वेगळा असेल. थायरॉइड, ल्युपस, मधुमेह, पाठ. तुझे तीन तास कदाचित पहाटेचे असतील, कदाचित रात्री नऊनंतरचे. पण गे, ते शोध. महिनाभर लिही. आणि सापडले की ते भांड्यांना देऊ नकोस. माझे तरी दोन दिवस आठवड्याला मी जायांच्या माळेला देते. दोरा जरा जाड घेतला की गाठ बसते.

आज चारला सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण केलंय. उद्या मुलगा ते आटवेल. पदेर सहाला येईल, पाव टोपलीत राहतील, आणि साडेआठला मी माझ्या हाताने एक मोडेन.