‘द सबस्टन्स’: सात दिवसांचा हिशेब

कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या ‘द सबस्टन्स’ला २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालं, ते अगदी योग्य झालं. चर्चा रक्तामांसाचीच जास्त झाली, पण सिनेमा उभा आहे तो नियमांवर. (पुढे कथानक उघड होतं.)

एलिझाबेथला (डेमी मूर) पन्नासाव्या वाढदिवशी टीव्हीवरच्या व्यायामाच्या कार्यक्रमातून काढतात. तिला ‘सबस्टन्स’ या औषधाचा संच मिळतो; त्यातलं हिरवं ॲक्टिव्हेटर, म्हणजे बदल सुरू करणारं द्रव्य, एकदाच टोचायचं असतं. तिची पाठ उभी फाटते, आतून तिचंच तरुण रूप, सू (मार्गारेट क्वाली), बाहेर येते आणि ती चीर टाके घालून शिवते. दोघींपैकी एकीनेच जागं राहायचं. दुसरी बेशुद्ध, नळीतून मिळणाऱ्या अन्नावर. दर सात दिवसांनी अदलाबदल करायचीच.

सूला रोज एक इंजेक्शन लागतं, आणि ते एलिझाबेथच्या पाठीतल्या पाण्याचं असतं. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. मोठ्या माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं. दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. डॉक्टर कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून सुई घालतात, कारण मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. थोडं पाणी काढलं तर भरून येतं. जास्त गेलं किंवा भोकातून झिरपत राहिलं, तर उठून बसताच डोकं ठणकतं. सिनेमात मात्र अदलाबदल झाली तरच साठा भरतो. ही घेतलेली सूट आहे, पण सगळं नाट्य तिच्यातूनच निघतं.

पहिली चूक काही तासांची. सू वेळ वाढवून घेते आणि एलिझाबेथ जागी होते तेव्हा तिच्या हाताचं एकच बोट म्हातारं झालेलं असतं: सुरकुतलेलं, गाठाळ, बाकीची बोटं जशीच्या तशी. एकीने जास्त वापरलं ते दुसरीचं कायमचं गेलं. ययातीला निदान पुरू होता. इथे देणारी आणि घेणारी एकच. पिएर-ऑलिव्हिए पर्सँ आणि सहकाऱ्यांच्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं, त्यात मला हे बोट सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढचं सगळं तिथूनच वाढत जातं.

मग सू तीन महिने अदलाबदलच करत नाही. एलिझाबेथच्या पाठीतली जखम चिघळते, पाणी आटतं, आणि नववर्षाच्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी सूचे दात पडू लागतात. हाताशी उरतं ते तळाशी राहिलेलं हिरवं ॲक्टिव्हेटर.