हुकमाची स्थळप्रत

आरशासमोर वीतभर अंतरावर उभं राहायचं. आपल्याच डाव्या डोळ्यात बघायचं, मग उजव्या, पुन्हा डाव्या. शेजारच्याला आपली बुबुळं टकाटका हलताना दिसतात. आपल्याला कधीच नाही. बघावं तेव्हा ती जागच्या जागी, अगदी साळसूद. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र चोरी सापडते, कारण तिथलं चित्र किंचित उशिरा उमटतं. तोवर नजर पोचलेली असते आणि बुबुळांची झेप आयती बघायला मिळते.

अशा झेपा सेकंदाला तीनेक. त्यांना इलाज नाही, कारण हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, तेवढाच तुकडा डोळ्याला धड स्पष्ट दिसतो. मोठ्या झेपेचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर. कॅमेरा असा फिरवला तर नुसता फराटा दिसेल. मेंदू तेवढ्यापुरती हालचालीची जाणीव मंद करतो, आणि उरलासुरला फराटा आधीच्या-नंतरच्या ठसठशीत चित्रांखाली दडपला जातो.

पण झेपेनंतर जग सरकल्यासारखं का वाटत नाही? तर डोळ्याच्या सहा स्नायूंना हुकूम सुटतो, तेव्हा त्याची एक स्थळप्रत दृष्टीच्या खात्यातही जाते. एक डोळा मिटून दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, पापणीवरूनच, बोटाने अलगद ढोसा (लेन्स लावली असेल तर नको): समोरची भिंत हलते. हुकूम नाही, म्हणून प्रत नाही. आता दिव्याकडे क्षणभर बघून अंधारात जा. डोळ्यांपुढे तरंगणारा डाग नजर फिरवली की फिरतो, ढोसलं तर जागीच राहतो. डाग डोळ्यातच उमटलेला; हुकमाची प्रत आली की मेंदू त्यालाही हललेला धरतो, प्रत नसली की नाही. हिशेब अगदी उलटा, आणि म्हणूनच पटणारा.

१९९२ साली माकडांच्या मेंदूत काही पेशी तर, झेपेनंतर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागेला, झेपेआधीच दाद देताना सापडल्या. बदली होण्याआधीच पदभार!

एवढं करून मेंदू प्रत नीट वाचतो म्हणावं, तर तेही नाही. ऐन झेपेत संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका थोडा सरकवला तर बहुतेकांना पत्ता लागत नाही. जग कशाला हलेल, असं गृहीतच. तोच ठिपका झेप संपल्यावर पाव सेकंद लपवून मग दाखवला, की ‘सरकला’ म्हणून लगेच ओळखतात. म्हणजे माहिती होती. विचारणारं कुणी नव्हतं.

घड्याळाकडे झटकन बघितलं, की सेकंदकाटा आधी जरा जास्तच रेंगाळल्यासारखा वाटतो, तोही झेपेचाच प्रताप. सेल संपत आलाय असं वाटून जातं. मग काटा पुढे सरकतो.